पिवळ्या रेषेअलीकडे

"काका, खिसे रिकामे करा," म्हणत संशोधन करणाऱ्या मुलीने लाकडी ट्रे पुढे केला.

काकांनी घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा आणि दार उघडायचे कार्ड काढून ठेवले. सव्वीस वर्षे हाच ट्रे त्यांनी लोकांपुढे धरला होता. विद्यापीठाच्या तळघरातल्या या प्रयोगशाळेत माणसापेक्षा उंच असे एक चुंबक होते. रसायनांची आतली घडण त्यात तपासत. ते कधी बंद करता येत नसे, त्यामुळे तंत्रज्ञ म्हणून काकांनाही फारशी रजा मिळत नसे. काकू म्हणायच्या, "सवत म्हणून बरी आहे, निदान तोंड चालवत नाही."

ते गार राहावे म्हणून दर सोमवारी त्यात द्रव नायट्रोजन भरावा लागे. काका दोन आठवडे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. बदली माणूस एकदा येऊन भरून गेला, नंतर फिरकलाच नाही. आज पातळी तळाला टेकली होती. संध्याकाळपर्यंत भरले नाही, तर त्याला थंड ठेवणारा आतला हेलियम उडून जाणार आणि चुंबक बंद पडणार. इतक्या जुन्या चुंबकाला पुन्हा उभे कोण करतो? या मुलीसकट आठ जणांचे प्रबंध त्याच्यावर अडकले होते.

हर्निया मात्र खोटा होता. काकांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला होता. पेसमेकर असलेल्याने चुंबकाभोवतीची पिवळी रेषा ओलांडायची नाही, ही पाटी दारावर काकांनीच लावली होती. सांगितले असते तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे त्यांना भांडारात बसून काढावी लागली असती. म्हणून रात्रभर त्यांनी मनाशी घोकले होते, उजवा खांदा पुढे ठेवायचा, नळी लावायची, पाच मिनिटांत बाहेर.

मुलीने फॉर्म काढला. "शरीरात सळई, पट्टी, क्लिप?"

"अगं, मला काय विचारतेस? आज ओळख झाली का आपली?"

"तुम्हीच सांगितलंय ना, कुलगुरू आले तरी विचारायचं आणि तुम्ही आलात तरी विचारायचं."

"नाही. सळई नाही."

"पेसमेकर?"

एका शब्दाचा प्रश्न होता. काकांची नजर फॉर्मवर गेली. तिथे 'नाही'वर आधीच खूण झाली होती आणि खाली तपासणाऱ्याची सहीसुद्धा, तिची. आपण आत कोसळलो तर ही सही जन्मभर हिच्या मानगुटीवर बसेल. काकांना एकदम स्वतःची लाज वाटली.

"विचारायच्या आधी खूण करायची नाही," ते ओरडलेच. "कितीदा सांगितलंय तुला?"

"पण काका, तुमचं तर मला माहीत..."

"माहीत नसतं. खोड ते."

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या डाव्या खांद्याकडे नकळत गेलेल्या हातावर पडली. तिने खूण खोडली.

"मी एकटीनं कधी भरलं नाहीये," ती हळूच म्हणाली.

"मी आहे ना इथं. हातमोजे घाल. चष्मा लाव."

केसांतल्या पिना काढून ट्रेमध्ये टाकून ती आत गेली. काका पिवळ्या रेषेअलीकडे उभे राहिले. "नळी घट्ट बसव. झडप पाव फेरा फिरव. घाई नको." पांढरी वाफ उठली आणि मुलगी दिसेनाशी झाली. काकांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. आधी फुरफुर, मग बारीक शीळ.

"भरलं का?" ती आतून म्हणाली.

"अजून नाही. थांब." शीळ जड झाली. "आता बंद कर."

ती बाहेर आली. काकांनी ट्रे तिच्यापुढे धरला. त्यातले घड्याळ, किल्ल्या आणि पट्टा त्यांनी उचलला होता.

"तुझ्या पिना मोजून घे."

"काका, तुमचं कार्ड राहिलंय."

"राहू दे. साहेबांना सगळं सांगतो, त्यावर तुझं नाव घालून देतील," काका पट्टा बांधत म्हणाले. "सोमवारी परत भरायचंय."