सासूबाईंचे डोळे

जावयाने सासूबाईंसाठी नवा कॉम्प्युटर आणला आणि घरभर मिरवला. जुना डबा सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा! सासूबाई घरबसल्या शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. शाळेत त्यांच्या शब्दाला मान होता.

"सिस्टीमही टाकलीय, आई. मित्राकडची. फुकट!"

"आणि माझी? तिचा परवाना मी विकत घेतलाय हो."

"राहू द्या तिला डब्यात, पेन्शनवर!"

सासूबाई हसल्या. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात फिकट ओळ होती : 'ही प्रत अस्सल नाही.'

"तिकडे बघायचंच नाही," जावई म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो आला, तेव्हा सासूबाई मुख्याध्यापिकांशी फोनवर बोलत होत्या. "नाही हो बाई, आता दुसरं कुणी बघा. डोळे साथ देत नाहीत."

डोळे? ही बाई समोरच्या गच्चीवरल्या मांजराच्या मिशा मोजेल! त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"आईंच्या डोळ्यांना काय झालं गं?"

"काही नाही, ठणठणीत आहेत. पेपर फुटणार नाही, असा शब्द दिलाय तिने शाळेला. तुझ्या त्या चोरीच्या सिस्टीममधून काय शिरलंय, कुणाला ठाऊक? तिच्यावर पेपर टाइप करेल ती?"

"मग मला बोलायचं ना!"

"कशी बोलेल? जावयाने एवढ्या हौसेने आणलाय, तो सोडून पुन्हा जुन्या डब्यावर कशी बसेल? तुझा चेहरा पडू नये म्हणून बिचारी स्वतःचे डोळे अधू करून बसली!"

अरे देवा! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो बाह्या सरसावून बसला. नवं मशीन धुऊनपुसून कोरं केलं. सासूबाईंचा परवाना सुदैवाने हलवता येणारा होता. मात्र एका वेळी एकाच मशीनवर चालणारा. म्हणून आधी जुन्यावरून तो काढला आणि त्यांची सिस्टीम, फायलींसकट, नव्यावर जशीच्या तशी बसवली.

"आई, चुकलो."

"अहो, चुकलो काय! हौस होती तुमची." त्यांनी हळूच कोपऱ्यात पाहिलं. ओळ गेली होती. त्यांनी फोन उचलला.

"हॅलो, बाई? पेपर पाठवा हो. डोळे बरे झाले... हो, एकदम! जावयाने केले!"

मंडळी, चोरीची प्रत टाकताना आपण म्हणतो, कुणाचं काय जातंय? जातं हो! कधीकधी आपल्याच माणसाचं जातं, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते बोलतही नाही.