सडका ओंडका

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका वृद्धाश्रमात मी रोज सकाळी आमच्या रशियन म्हाताऱ्यांना स्तोत्रं वाचून दाखवायला जाते. पहिली चूक तिथे माझ्याच हातून झाली.

कापितोलिना येगोरोव्हना नवऱ्याला सूप भरवत होती आणि नेहमीसारखी त्याच्यावर करवादत होती. नव्याने आलेल्या मुख्य नर्सने, डेनिसने, हसत विचारलं की आजी काय म्हणताहेत. मीही हसतच इंग्रजीत सांगितलं, "गीळ, सडक्या ओंडक्या. सैतान उचलून नेवो तुला." शब्दाला शब्द. मला वाटलं, तिलाही मजा वाटेल. तिने ते वहीत लिहून घेतलं.

वहीत अशा शिव्यांची दुसरी नोंद झाली तेव्हा तिने मला बोलावलं. तिसऱ्या नोंदीनंतर दोघांना वेगळं ठेवावं लागेल, नियमच तसा आहे, म्हणाली. मी परोपरीने सांगितलं की आमच्यात मायेने असंच बोलतात. ती शांतपणे म्हणाली, ज्याला उठून दाराबाहेर जाता येत नाही, त्याला कुणी असं बोललेलं मी चालवून घेणार नाही. तिचं तरी काय चुकत होतं?

मग मी कापितोलिनाची विनवणी केली, थोडे दिवस गोड बोला म्हणून.

"बावन्न वर्षांत नाही बोलले ती आता बोलू होय, पोरी?" ती म्हणाली. पण धसका तिनेही घेतला होता. दुसऱ्या दिवशी चमचा उचलून म्हणाली, "इनोकेंती ल्वोविच, कृपा करून थोडं सूप घ्या."

म्हाताऱ्याने ओठ मिटून घेतले. त्याला आता फारसं काही आठवत नाही, पण एवढं आठवत असावं. तो दुसऱ्या बाईकडे राहून परत आला होता, त्या हिवाळ्यात बायको त्याच्याशी असंच परक्यासारखं, पूर्ण नाव घेऊन अदबीने बोलली होती. तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "ती सोडून चालली का गं मला?"

डेनिसने वहीत लिहिलं, भाषेत सुधारणा आहे.

चौथ्या दिवशी डेनिस दारात उभी असतानाच कापितोलिनाने चमचा पुढे केला. "गीळ रे, सडक्या ओंडक्या." त्याने लगेच तोंड उघडलं. डेनिसने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणार नाही, असं मी रोज सकाळी देवासमोर म्हणते. 'खा हो राजा' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी खरं ते सांगितलं.

सोमवारी त्याला पलीकडच्या इमारतीत हलवलं.

आता स्तोत्र संपलं की कापितोलिना भिंतीकडे बघत मला त्या दिवसाची शिवी सांगते. बाकी काही बोलत नाही. मी ती मनात घोकत अंगण ओलांडते, त्याच्या पलंगाशी वाकते आणि म्हणते, "टकल्या बोकडा, खा म्हणून सांगितलंय तिने."

कधी तो तोंड उघडतो. कधी आवाज माझा आहे हे ओळखून मान फिरवतो, आणि मी चमचा धरून तशीच उभी राहते.