हौदाचा बोळा

राणीसावरगावच्या जनावरांच्या हौदाला तळाशी मुठीएवढं भोक होतं. बायनाबाई त्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायची आणि तिच्या चाळीस मेंढ्या पोटभर पाणी प्यायच्या. नळ दर चौथ्या दिवशी यायचा. त्या तासाभरात हौद भरला तर भरला.

अशात तीन दिवसांत गावाचे प्रश्न सोडवणारी मंडळी पुण्याहून आली. त्यांच्या म्होरक्या राजेश्री मॅडम. त्यांनी हौद पाहिला, बोळा उपसला, उरलंसुरलं पाणी वाहून जाताना फोटो काढला आणि फर्मान सोडलं, "अभ्यास संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. समस्या आहे तशीच राहिली पाहिजे."

सरपंच महारुद्रने मान डोलावली. त्याला पाहुण्यांच्या फोटोत यायचं होतं.

मारुतीच्या सभामंडपात भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटल्या. गावातल्या कुणालाच वाचून उलगडा होईना, म्हणजे काम नक्की मोठं असणार! मॅडमनी बायनाबाईला पुढे बसवलं. "आजी, तुमच्या मनातलं उत्तर सांगा."

"माजा बोळा द्या."

मॅडम गहिवरल्या. त्यांनी चिठ्ठीवर 'लोकज्ञान' लिहिलं आणि खाली बोळाच भिंतीला टाचून टाकला.

तिसऱ्या दिवशी गाभण मेंढ्या जिभा काढून उभ्या होत्या. आणि मंडपात पुठ्ठ्याच्या हौदाची चाचणी चाललेली.

"आजी, यात पाणी आहे असं समजा," मॅडम म्हणाल्या.

"मी समजंन वो बाई. मेंढ्यायला कोन समजावंल?"

सगळे खो खो हसले. महारुद्रने लगबगीने आजीच्या खांद्यावर सत्काराची शाल घातली, हातात नारळ दिला. तेवढ्यात बाहेर नळ आला. नारळ तिथंच ठेवून बायनाबाई तरातरा हौदाकडे गेली, शालीचा गोळा केला आणि भोकात गच्च ठोसला. पाणी चढू लागलं. मेंढ्या तुटून पडल्या.

मंडळी धावत आली. "बघा, तीन दिवसांत उत्तर निघालंच!" मॅडमना हर्षवायू व्हायचा बाकी होता. "फक्त आधीचा एक फोटो मेंढ्यांसकट हवा. ती शाल जरा काढते."

त्या वाकल्या, तशी बायनाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाई, बाई. मेंढ्यायचा अभ्यास चालू हाय."