जाताना दोन तास

अक्काच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. औषधाने ती विरघळत आली होती, तरी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तीन तासांच्या वर एका जागी बसायचं नाही. गाठ सुटून छातीकडे गेली तर आपल्या हातात काही उरणार नाही."

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिला आपल्या बहिणीकडे पोचवायला निघाला होता. "दोन वर्षं मी सांभाळली, आता तिची पाळी," असं तो भर जेवणात आईसमोरच म्हणाला. विमानाच्या तिकिटाचा कागद त्याने डॉक्टरीणबाईंना दाखवला. नऊला सुटणार, अकराला उतरणार. त्यांनी परवानगी दिली आणि अक्काने मुकाट्याने बॅग भरली.

आदल्या संध्याकाळी त्याची मुलगी, ठकी, माझ्याजवळ पृथ्वीचा गोल फिरवत बसली होती.

"मामाआजोबा, आजीला सोडून बाबा परत येतील ना, ते विमान नऊला सुटून संध्याकाळी पाचला पोचतं. जाताना दोन तास, येताना आठ! येताना काय ढकलत आणतात?"

मला हसू आलं. "दोरा आण बघू."

आमच्या आणि तिच्या आत्याच्या शहरांमध्ये आम्ही दोरा ताणला आणि गोलावरच्या मोजपट्टीला लावला. चार हजार किलोमीटर भरले.

"विमान तासाला आठशे गेलं तर?"

"पाच तास. मग कागदावर दोन कसे?"

मी टेबलावरच्या दिव्याचा उजेड गोलावर पाडला. "हळूहळू फिरव. आधी कुठे उजाडतं?"

"आपल्याकडे. आत्याकडे नंतर." ती थांबली. "म्हणजे आत्याचं घड्याळ मागे! तीन तास मागे!"

तिने टाळी वाजवली, पण जोडलेले हात तसेच राहिले. "म्हणजे आजी पाच तास बसणार?"

भाच्याची नजरचूक झाली असेल, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. मी त्याला हाक मारली. तिकिटाच्या दुमडलेल्या कोपऱ्याने दात कोरत तो आला.

"मामा, मला काय शिकवता? दरवर्षी जातो मी. पाचच तास लागतात."

"मग डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी कागद मागितला, मी दिला. वजाबाकी त्यांची."

"आणि वाटेत गाठ सुटली तर?"

"आज ना उद्या सुटायचीच. लेकीकडे सुटली तर काय बिघडलं?" दातांतलं काहीतरी निघालं. त्याने ते निरखून पाहिलं आणि पँटला पुसलं.

मला शिसारी आली. या हाताला धरून मी कधीकाळी अक्षरं गिरवून घेतली होती.

दारात अक्का उभी होती. आत जाऊन तिने बॅगेची चेन उघडली, तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि खरे तास सांगितले. पलीकडून एकच शब्द आला, "अजिबात नाही."

"घ्या मग, तुम्हीच रद्द करत बसा," म्हणत भाच्याने तिकीट माझ्यापुढे धरलं. कोपरा ओला होता.

माझा हात पुढे होईना. ठकीने कोरड्या बाजूने, दोन बोटांच्या चिमटीत तो कागद घेतला, माझ्या टेबलावर ठेवला आणि बापाकडे न बघता मोरीत गेली. बराच वेळ नळ वाहत होता.