वाल्मीकच्या पायाखालचा ड्रम

मी एक जुना बेस ड्रम आहे. ड्रमच्या संचात सगळ्यात खाली आडवा ठेवतात आणि पायाखालच्या पेडलने बडवतात, तो. नाशिकच्या एका ब्लूज बँडमध्ये मी चौदा वर्षं राबलो. मित्रांनो, मी गोड बोलणार नाही.

मला विकत आणलं शेखरने. तो गायचा. पोस्टरवर त्याचंच थोबाड. मागे ठेका सांभाळायचे दोघं : बेस गिटारवर पल्लवी आणि माझ्यामागे वाल्मीक. वाल्मीक येवल्याच्या लग्न-बँडवाल्यांच्या घरातला. घरचं काम सोडून तो इथे आला होता, परतीची वाट उरली नव्हती. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आणि मला तर पायानेच वाजवायचं. म्हणून तो दर कार्यक्रमाआधी वाकायचा, मला शिवून हात कपाळाला लावायचा, मगच पेडलवर पाय. शेखर गाता गाता भरकटला की आम्ही तिघं त्याला ओढून ठेक्यावर आणायचो. टाळ्या तो खायचा.

गेल्या हिवाळ्यात एका द्राक्षमळ्यात दुपारचा कार्यक्रम होता. वाल्मीक वाकला तसं शेखरने माइकवरून सांगितलं, की आमच्या ड्रमरची पूजा आटोपली की सुरू करू. पाहुणे खिदळले. वाल्मीकने पेडलवर पाय ठेवून ठेका धरला. शेवटच्या गाण्यात मात्र शेखर फोटोसाठी बुटांसकट माझ्यावर चढला. माझी कड तडकली. वाल्मीकने काठ्या खाली ठेवल्या.

"उतरा दादा."

"तू रोज लाथा घालतो त्याला. मी चढलो तर काय झालं?"

"मी आधी माफी मागतो. तुम्ही मागा, मग खुशाल नाचा."

"ड्रम माझा आहे. पटत नसेल तर चालू लाग."

वाल्मीकने शर्टाच्या बाहीने माझ्यावरचा चिखल पुसला आणि निघाला. पल्लवीने गिटारची वायर उपटली, त्याच्या मागोमाग गेली. शेखर एकटाच गात राहिला. दुसऱ्या ओळीलाच ताल सुटला. लोक जेवणाकडे वळले.

आता शेखर कॉम्प्युटरच्या ठेक्यावर गातो. माझ्यावर काच टाकून त्याने दिवाणखान्यात टेबल केलंय. वाल्मीक आणि पल्लवी मागून आणलेल्या ड्रमवर कुठेकुठे वाजवतात म्हणे. मी इथे चहाचे कप झेलतो.

माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल, मित्रांनो, पण एक करा. गाणारा वाकून टाळ्या घेत असेल, तेव्हा त्याच्या मागे घामाघूम बसलेल्याचं नाव विचारा. वाल्मीकचं नाव चौदा वर्षांत एकानेही विचारलं नाही. शेखरला माज चढला तो तिथूनच.