दोन हिरव्या पायऱ्या

विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीला अकरा पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्यांतील वरच्या दोन हिरव्या होतात आणि खालच्या नऊ तांबड्या राहतात. अकराही पायऱ्यांचे चिरे एकाच ट्रकमधून आले आणि एकाच मिस्त्रीने ते एकाच आठवड्यात बसवले. सर्वांवर एकाच फणसाची सावली पडते. पाणी वरून खालीच वाहते.

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर पंप आहे. रत्नागिरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावरील एका वाडीत, एका घराच्या पडवीतील कोपऱ्यात माझा मुक्काम आहे. माझी पिवळी टोपी उन्हाने पांढरट झाली असून एक चाक तारेने बांधलेले आहे. नळाचे पाणी आत घेऊन ते बारीक छिद्रातून प्रचंड जोराने बाहेर फेकणे, एवढेच मला येते. ते कोठे फेकावे हे मला कळत नाही, आणि माझ्या लाजेचे मूळ इथेच आहे.

माझे पहिले घर चिपळूणला होते. तेथे पुराचा चिखल लाद्यांवर, ओट्यांवर आणि दारांच्या चौकटींवर बसला होता. तेरा दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालत होतो. ज्या भिंतीवर मी पाणी मारी तिचा मूळ रंग पुन्हा दिसू लागे. गल्लीतील लोक मला नेण्यासाठी रांग लावत. मला वाटू लागले की माझ्या पाण्यासमोर जे निघून जाते ते सर्व घाण असते. हे अनुमान चिखलापुरते बरोबर होते. मी ते सर्वत्र लागू केले.

चिपळूणच्या मालकांनी पुढे मला आपल्या मेहुण्यांना दिले. त्यांचे नाव नितेश. पंचवीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढून ते बोसन म्हणून निवृत्त झाले होते. जहाजाचा डेक धुणे, गंज काढणे आणि रंग देणे ही कामे बोसनच्या हाताखाली चालतात. डेक धुताना त्यांचा एक नियम असे: खाली उतरणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत फवारा बंद करायचा नाही. तांबडे पाणी म्हणजे गंज, आणि गंज उरला म्हणजे काम अपुरे.

या घरी फाटकापासून पडवीपर्यंत गाडी आणण्याची जी वाट आहे, तिचे तीन भाग आहेत. फाटकाजवळचा चढ काँक्रीटचा. मधला तुकडा पेव्हर ब्लॉकचा. पडवीपुढचा सर्वांत मोठा भाग जांभ्या चिऱ्यांचा. या चिऱ्यांच्या कडेलाच विहिरीची पाखाडी सुरू होते. चिऱ्यांचे सारे काम लांज्याकडच्या धाकू मिस्त्रींनी बारा वर्षांपूर्वी केले होते.

पहिल्या रविवारी नितेशनी मला काँक्रीटवर चालवले. अर्ध्या मिनिटात पाणी स्वच्छ झाले. पेव्हरवर मी सांध्यांतील वाळूही उडवून दिली, त्यामुळे पुढे काही ब्लॉक डगमगू लागले. पण पाणी लवकर स्वच्छ झाले म्हणून ते समाधानी होते. मग आम्ही चिऱ्यांवर आलो. पाणी लाल आले. पाच मिनिटे लाल, दहा मिनिटे लाल, पाऊण तास लाल.

"किती वर्षांची घाण साठलीय बघ!" नितेश आपल्या पत्नीला म्हणाले. दमयंतीबाई गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात.

"अहो, मी रोज खराटा मारते इथे," त्या म्हणाल्या. "एवढी घाण असती तर मला दिसली नसती?"

"खराट्याला काय कळतंय? वरवरचा कचरा तेवढा निघतो. ही आतली घाण आहे."

चिरे धुऊन झाले तेव्हा ते खाणीतून आताच आल्यासारखे लालभडक दिसत होते. शेजारचे सदू येऊन बघून गेले. "वा, बोसन! दुसऱ्यांदा बांधलात की काय?" मला फार बरे वाटले. मात्र पुढच्या धुण्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. काँक्रीटवर माझ्या फवाऱ्याचा आवाज टणक येतो, चिऱ्यावर तो दिवसेंदिवस भुसभुशीत येऊ लागला होता. मला बोलता येत नाही, ही सबब आहे. बोलता आले असते तरी मी बोललो नसतो. स्तुती मला आवडत होती.

पहिल्या पावसाळ्यात चिऱ्यांवर हिरवट छटा आली. नितेश आठवड्यातून एकदा मला चालवत. दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ दाट झाले, म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा धुऊ लागलो. तिसऱ्या पावसाळ्यात ते श्रावणातच गालिच्यासारखे पसरले. जितके धुवावे तितके ते वाढे, आणि जितके वाढे तितके आम्ही धूत असू.

त्याच श्रावणात, एका सकाळी, दमयंतीबाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन शाळेला निघाल्या. चौथ्या चिऱ्यावर त्यांचा पाय सरकला. उजवे मनगट मोडले. उत्तरपत्रिका हिरव्या शेवाळावर पसरल्या आणि त्यांवरील शाई पावसाने पसरली. मी पडवीत, चार हातांवर होतो. आदल्याच दिवशी मी तो चिरा धुतला होता.

नितेश बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. परत आले ते कारण ठरवूनच. त्यांनी धाकू मिस्त्रींना बोलावून घेतले. मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे. वाकून त्यांनी चिऱ्यावर अंगठ्याचे नख ओढले. नख आत गेले.

"मिस्त्री, खरं सांगा. खाणीतला टाकाऊ माल दिलात ना?"

"नाय हो. मी बसवला तवा नख लागत नव्हता ह्याला."

"मग काय, कोणी येऊन बदलून ठेवला?"

"ता मला काय ठाव? पन्नास वर्सां काम करतोय. चिरा कच्चा म्हणून अजून कोन बोलला नाय."

"मी बोलतोय आता. माझ्या बायकोचा हात मोडलाय."

चपला हातात घेऊन धाकू मिस्त्री शेवाळावरून जपून चालत फाटकाबाहेर गेले.

प्रकरण तेवढ्यावर थांबले असते तर मला कमी लाज वाटली असती. वाडीच्या देवळापुढील अंगणात नवे चिरे बसवायचे होते आणि ते काम धाकू मिस्त्रींकडे जाणार हे जवळजवळ ठरले होते. "ह्या अंगणाचा काम झाला की थापी ठेवनार," असे ते सर्वांना सांगत. देवळापुढे आपल्या हातचे काम राहील, एवढीच त्यांची इच्छा होती. नितेश देवस्थानच्या समितीवर होते. त्यांनी बैठकीत आपल्या अंगणाचे उदाहरण दिले. धाकूचा चिरा घेऊ नका, असे सुचवले. बाहेरच्या एका ठेकेदाराचे नाव पुढे आले. अंतिम निर्णय पुढच्या रविवारी व्हायचा होता.

दमयंतीबाईंनी हे ऐकले तेव्हा त्या प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून पडवीत बसल्या होत्या.

"अहो, चिरा कच्चा हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"शेवाळावरून. नखावरून."

"आणि पाखाडी? तिसरी पायरी बघा. तोच ट्रक, तोच मिस्त्री. तिथे शेवाळ का नाही?"

नितेश पाखाडीकडे बघत राहिले. "तिथे ऊन येत असेल."

"फणस एकच आहे. सावली सारखीच. तर्क नको, मोजू या."

चार दिवस उघडीप होती. शनिवारी सकाळी बाईंनी शाळेतून एक ड्रॉपर आणवला. डाव्या हाताने त्यांना तो नीट धरता येईना, म्हणून थेंब नितेशनी टाकले आणि बाईंनी मोबाईलवर सेकंद मोजले. मोजण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही पायऱ्या काथ्याच्या ब्रशने सारख्याच पुसल्या. प्रत्येक पायरीवर पाच ठिकाणी एकेक थेंब टाकला. दुसऱ्या पायरीवरचा थेंब तीन ते पाच सेकंदांत आत शिरला. तिसऱ्या पायरीवरचा एकही थेंब मिनिटभरात शिरला नाही.

"आता तो पंप आणा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला एकाच चिऱ्यावर पाच मिनिटे चालवायला लावले आणि वाहणारे पाणी बादलीत धरले. तळाशी बोटभर लाल गाळ बसला.

"माती असती तर संपली असती," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं धुताय. ही घाण नाही, चिराच वाहून जातोय."

"जहाजावर आम्ही असंच..."

"जहाज लोखंडाचं असतं हो! आणि गंज काढला की तुम्ही वर रंग मारता. चिऱ्याला रंग कोण मारणार?"

मग त्यांनी माझा पाइप पूर्ण लांब ओढायला सांगितले. नितेशनी नोझल हातात धरून पाखाडीवर पाऊल टाकले. पहिली पायरी. दुसरी पायरी. तेथे पाइप ताणला गेला आणि मी पडवीच्या खांबाला अडकून थांबलो; विहिरीच्या बाजूला माझी विजेची तार तेवढीच पोचते. तिसऱ्या पायरीपर्यंत माझे पाणी पोचत नव्हते. तीन वर्षांत एकदाही पोचले नव्हते.

नितेश तेथेच नोझल धरून उभे होते. मग त्यांनी ते खाली ठेवले आणि धाकू मिस्त्रींना फोन करून बोलावले.

मिस्त्री आले, त्यांनी बादलीत हात घातला आणि गाळ बोटांत चोळला. मग ते हसले. ते हसू फारसे आनंदाचे नव्हते.

"बोसन, बटाटा सोलतात. चिरा नाय सोलत."

"चुकलं, मिस्त्री," नितेश म्हणाले.

"माझ्यापुढं बोलून काय? माझा नाव तुम्ही बैठकीत घालवलात."

मित्रांनो, यापुढे काय करायचे ते त्या दिवशी त्या तिघांनी ठरवले. तेच तुम्हालाही सांगतो. काँक्रीटवर मला वर्षातून दोनदा चालवण्यास हरकत नाही. तेलाचा डाग मात्र आधी धुण्याच्या पावडरीने घासावा. पेव्हरवर फवारा दुरून आणि तिरका मारावा, आणि नंतर सांध्यांत कोरडी वाळू झाडून भरावी. जांभ्यावर मला आणूच नये. खराटा, काथ्याचा ब्रश आणि पाणी साचू न देणारा उतार त्याला पुरतो. फणसाच्या खालच्या फांद्या तोडून ऊन येऊ द्यावे. बिघडलेले चिरे दिवाळीनंतर उचलून, उन्हात सुकवून उलटे बसवण्याचे मिस्त्रींनी कबूल केले आहे. ते किती टिकतील हे अद्याप कोणी तपासलेले नाही, म्हणून मीही सांगत नाही.

रविवारच्या बैठकीत नितेशनी एक कागद वाचून दाखवला. देवळापुढील अंगणाचे काम धाकू मिस्त्रींना मिळाले. तो कागद शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोरच लिहिला गेला. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्या सांगत होत्या आणि नितेश लिहीत होते. एका ठिकाणी त्यांची लेखणी थांबली.

"'पाण्यामुळे खराब झाला' असं लिहू?"

"पाऊस खालच्या नऊ पायऱ्यांवरही पडतो. धुण्यामुळे, असं लिहा. आणि कोणी धुतलं तेही."

त्यांनी लिहिले. मला वाचता येत नाही, पण लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हटले, आणि त्यात मीही होतो:

"जांभा खाणीतून मऊ निघतो. हवेत सुकताना त्याच्या पृष्ठभागावर लोहाची कठीण साल तयार होते आणि ती पाणी आत जाऊ देत नाही. आमच्या चिऱ्यांची ही साल मी तीन वर्षे प्रेशर पंपाने धुऊन काढली. उघड्या पडलेल्या छिद्रांत पाणी मुरून राहिले, म्हणून शेवाळ वाढले, आणि त्यावर माझी पत्नी पडली. धाकू मिस्त्रींचा चिरा पक्का होता."