पहिला ग्लास

मी एक जुना हातपंप आहे. पाण्याचा नव्हे, मित्रांनो, बिअरचा. हा विषय तुमच्या वयाला शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण अपमान कुठल्याही वयात कळतो, म्हणून सांगतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. पितळी अंग, ओकचा दांडा. नॉटिंगहॅमहून ट्रेनने अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात, स्टेशनसमोरच्या पबमध्ये मला बसवलं. तळघरातल्या पिंपातली एल, म्हणजे इथली जुन्या पद्धतीची बिअर, ओढून वर आणायची, एवढंच माझं काम. मालकीण मॉरीनबाई रात्रभर पाइपात राहिलेली बिअर रोज सकाळी बादलीत ओतून टाकत आणि मगच पहिलं गिऱ्हाईक घेत. सोमवारी पाइप धूत. जाताना लोक माझा दांडा थोपटून जात.

मॉरीनबाई वारल्या आणि केविन आला. त्याने ती बादली जिन्याखाली टाकली. रात्रीची बिअर तो सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊ लागला. गिऱ्हाईक गोरं नसेल, तर हसून देई. यांना काय कळतंय! मी करकरून निषेध नोंदवला. त्याने मला तेल पाजलं. आठ वर्षांत माझी घेतलेली तेवढीच काळजी.

गेल्या मे महिन्यात गावात पबोपबी फिरून एल चाखण्याचा दिवस होता. सात पब, येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कार्ड, दर पबला दहापैकी गुण. पब ज्या कंपनीचा होता तिने कळवलं होतं, की पहिल्या तिघांत आलात तर पंप राहील. नाहीतर तो उपटून थंड लागर बिअरचे नळ बसतील. केविनची अब्रू आणि माझा जीव एकाच कार्डावर टांगलेले.

अकराला दार उघडलं आणि नॉटिंगहॅमच्या ट्रेनमधून उतरलेले तिघे आत आले. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले अजयकाका, त्यांचा पुतण्या समर आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी त्याची बायको देवयानी. केविन हसला. त्याने दांडा धरला. मी करकरलो असतो, तर काका सावध झाले असते. पण मला केविनशी आठ वर्षांचा हिशोब चुकता करायचा होता. मी लोण्यासारखा चाललो आणि पाइपातला आंबट थेंबन् थेंब ग्लासात उतरवला.

काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. समरने त्यातलाच घोट घेऊन "नटी फ्लेवर आहे, मागून ग्रीन ॲपल येतं," असं जाहीर केलं. आदल्या दिवशी त्याने बिअर चाखण्याचे तीन व्हिडिओ पाहिले होते.

देवयानीने नुसता वास घेतला. "समर, हे व्हिनेगर झालंय."

"सीन नको करूस गं, प्लीज."

काकांनी ग्लास बदलून मागितला. बहिऱ्याला सांगावं तसं केविनने मोठ्यांदा समजावलं, की खरी एल अशीच लागते, तुम्हाला लागरची सवय असेल. एव्हाना कार्डवाल्यांनी पब भरला होता. सगळे ऐकत होते.

"इतकी चांगली आहे?" काका इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाले. "मग ही तुम्हीच घ्या. माझ्यातर्फे."

बारवाल्याला असं प्यायला देण्याची इथे रीत आहे, आणि ते नाकारणं उद्धटपणाचं. केविनने ओठ भिजवून ग्लास ठेवला. पण काकांची रीत वेगळी होती. पंगतीत जावयाला जिलेबी वाढावी, तसा त्यांनी आग्रह धरला. अजून थोडी. आमच्याकडे टाकत नाहीत. एवढी माझ्यासाठी. चौथ्या घोटाला केविनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, बास ना आता," देवयानी मराठीत पुटपुटली.

"थांब गं. तहानलेला दिसतोय."

ग्लास रिकामा झाला, तेव्हा काकांनी तो उचलून उजेडात तपासला. लोकांनी खिशातली पेनं काढली.

सातांत आम्ही सातवे आलो. समरने मात्र सहा गुण दिले होते. जूनमध्ये केविनला नारळ मिळाला आणि मला स्क्रू काढून मागच्या शेडमध्ये टाकलं. पितळ काळं पडतंय.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंची निगा राखा. त्या धुवा, पुसा, वेळेवर तेल द्या. त्या बोलत नाहीत, पण वाट पाहतात.

मला पश्चात्ताप होतो का? होतो. त्या पाइपात एकाच ग्लासापुरती बिअर मावत होती.